दोर, कप्पी आणि वरचा आधार : सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मे महिना उजाडला की ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगची कामे निघतात. यांतल्या अनेक इमारतींना लिफ्ट नसते, आणि जिथे असते तिथे तिच्यातून सिमेंट-रेती न्यायला सोसायटी सहसा परवानगी देत नाही. मग कठड्यावरून एक लोखंडी पाइप बाहेर काढला जातो, त्याला कप्पी टांगली जाते आणि खाली दोघेजण दोर ओढू लागतात. आडावरचा रहाट आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे कप्पीबद्दल कोणी काही शिकवावे असे कोणाला वाटत नाही. माझ्या अनुभवात या कामातल्या बहुतेक चुकांचे मूळ नेमके तिथेच असते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी बरीच वर्षे काम केले आणि आता ओळखीच्या सोसायट्यांच्या कामांवर नजर ठेवायला जातो. सोसायटीचे पदाधिकारी, छोटे कंत्राटदार आणि त्यांच्याकडची नवी मुले एकच प्रश्न विचारतात, "ही कप्पी चालेल ना?" या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कप्पी जिथे टांगायची आहे ती जागा पाहावी लागते, कारण कप्पीवर आणि तिच्या आधारावर येणारा भार हा उचलायच्या वजनाएवढा नसतो, त्याहून बराच जास्त असतो.

हा लेख फक्त सामान उचलण्यापुरता आहे. माणूस दोरावर टांगला जाणार असेल, मग तो रंगारी असो, काच पुसणारा असो की कड्यावरचा गिर्यारोहक, तर साधने, दोर, प्रशिक्षण आणि स्वतंत्र आधारावरचा दुसरा सुरक्षादोर हे सगळेच वेगळे लागते. सामानाच्या कप्पीवरून माणूस वर घ्यायचा नाही, "दोनच मिनिटांचे काम आहे" असे कोणी म्हटले तरीही नाही.

पायरी पहिली : भाराचा हिशेब कागदावर करा

सिमेंटची गोणी ५० किलोची असते. दोन गोण्या एकदम चढवायच्या, म्हणजे १०० किलो, असे धरून चालू. गच्चीवर एक स्थिर कप्पी आहे, दोराचे एक टोक गोण्यांना बांधले आहे आणि दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या माणसांच्या हातात आहे. गोण्या हवेत स्थिर टांगलेल्या असताना एका बाजूच्या पदरात १०० किलोचा ताण असतो आणि त्या खाली येऊ नयेत म्हणून दुसऱ्या पदरातही तेवढाच ताण ठेवावा लागतो. दोन्ही पदर कप्पीला खालीच खेचतात, म्हणजे कप्पीच्या डोळ्यावर (वर टांगायच्या कडीवर), शॅकलवर (पिनने बंद होणाऱ्या यू आकाराच्या कडीवर) आणि पाइपवर २०० किलो येतात. दोर खालून न ओढता खालीच एखाद्या खांबाला बांधून ठेवला तरी हिशेब हाच राहतो.

ओढायला लागल्यावर त्यात घर्षणाची भर पडते. चांगल्या बॉल बेअरिंगच्या कप्पीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा १०० किलो वर जायला सुमारे १११ किलोची ओढ लागते आणि आधारावर २११ किलो येतात. साध्या बुशची (आसेभोवती नुसती धातूची नळी असलेली), वंगण वाळलेली कप्पी ७० टक्क्यांवर आली असेल तर ओढ १४३ किलो होते आणि आधारावरचा भार २४३ किलो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी हाच २४३ चा आकडा धरणार आहे, कारण आपल्याकडच्या बांधकामांवर दिसणाऱ्या बहुतेक कप्प्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

दोराचे दोन्ही पदर नेहमी समांतर नसतात. त्यांच्यातला कोन जसा वाढतो तसा कप्पीवरचा भार कमी होतो. पदर समांतर असतील तर दोरातल्या ताणाच्या दुप्पट, ६० अंशांच्या कोनाला १.७३ पट, ९० अंशांना १.४१ पट आणि १२० अंशांना बरोबर एक पट, एवढे चार आकडे पाठ असले तरी रोजचे काम भागते. वर कप्पी आणि खाली जमिनीलगत दुसरी कप्पी लावून दोर आडवा ओढण्याची पद्धत सोयीची असते, कारण ओढणारी माणसे गोण्यांच्या खालून बाजूला होतात. मात्र या खालच्या कप्पीत दोर काटकोनात वळतो आणि आपल्या उदाहरणात तिच्या आधाराला निदान २०० किलोची तिरपी, वर उचलणारी ओढ बसते. ही कप्पी फाटकाच्या बिजागरीला किंवा उभ्या स्कूटरला बांधलेली मी पाहिली आहे.

कोनाचा खेळ सगळ्यात चांगला समजतो तो दहीहंडीच्या दोरावरून, आणि ठाणेकरांना ते उदाहरण मुद्दाम शोधायला नको. रस्त्याच्या दोन बाजूंच्या इमारतींमध्ये २० मीटरचे अंतर आहे, मध्यभागी सजावटीसह २० किलोची हंडी टांगली आहे आणि दोराला मध्ये फक्त १ मीटरचा झोळ आहे, असे समजा. अशा वेळी दोरातला ताण २० किलो नसतो, १०० किलो असतो. झोळ अर्ध्या मीटरवर आणला तर तो २०० किलो होतो. दोर जितका टच्च दिसतो तितका तो धोक्याकडे सरकलेला असतो. इमारतीच्या कोपऱ्यावरच्या कप्पीत हा आडवा दोर खाली वळतो, तेव्हा १०० किलो ताणाला तिच्यावर १४१ किलो येतात. आता ६० किलोचा एखादा गोविंदा हंडीला लटकला तर १ मीटर झोळाच्या हिशेबाने ताण ४०० किलो आणि कप्पीवरचा भार ५६० किलोच्या पुढे जातो. त्याच्या वजनाने झोळ वाढतो आणि आकडा थोडा उतरतो हे खरे, पण मंडळाने कप्पी निवडताना हंडीच्या वीस किलोंचाच विचार केलेला असेल तर ती उतरण पुरेशी पडत नाही.

पायरी दुसरी : आधार तपासा

आता पाइपाकडे येऊ. कठड्यावर आडवा ठेवलेला पाइप म्हणजे तरफ. कप्पी कठड्याच्या बाहेर ५० सेंटीमीटरवर टांगली आणि पाइपाचे आतले टोक कठड्यापासून १५० सेंटीमीटर आत असेल, तर २४३ किलोंना तोलायला आतल्या टोकावर किमान ८१ किलो लागतात, आणि कठड्याच्या माथ्यावर दोन्ही मिळून ३२४ किलो येतात. जेमतेम तोल साधणारे वजन ठेवून काम करता येत नाही. मी त्याच्या तिप्पट, म्हणजे २५० किलोच्या आसपास वजन ठेवायला सांगतो, आणि शिवाय ते टोक दोराने कॉलमला बांधायला लावतो. या तोलवजनासाठी सिमेंटच्या पाच गोण्या ठेवण्याची पद्धत आहे. अडचण अशी की दुपारपर्यंत माल कमी पडला की त्याच पाचांतली एक गोणी गुपचूप फोडली जाते, मग दुसरी. तोलवजनाच्या गोण्यांवर रंगाने फुली मारा आणि त्या कामात वापरायच्या नाहीत हे सगळ्यांना सकाळीच सांगा.

कठडा विटांचा असेल तर त्यावर तीनशे किलो टेकवण्याचा विचारच सोडा. तो बाहेर पडू पाहणाऱ्याला अडवण्यासाठी बांधलेला असतो, वजन पेलण्यासाठी नाही. पाइपाचा टेकू गच्चीच्या स्लॅबवर, तोही कॉलम किंवा बीमच्या वर, लोखंडी घोडीवर घ्यावा. पाण्याच्या टाकीचे पाइप, सौर पॅनेलचे सांगाडे, डिशचे खांब, ग्रिल, लिफ्टच्या खोलीच्या दाराची चौकट यांपैकी काहीही आधार म्हणून धरू नये. खाडीच्या हवेत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या काँक्रीटमधल्या सळ्या गंजून फुगलेल्या असतात. कॉलमला लांब तडा दिसला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग ओघळलेले दिसले, तर तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काहीही टांगू नये.

कॉलमला दोर थेट गुंडाळू नका. रुंद पट्ट्याची स्लिंग घ्या, कडांवर जुन्या पोत्याची किंवा रबराची जाड घडी ठेवा आणि स्लिंगच्या दोन्ही डोळ्यांमध्ये शॅकल घाला. शॅकलची पिन पूर्ण आवळून तारेने बांधून टाकावी, कारण हलणाऱ्या दोराने घासून ती उलटी फिरत जाते. उघड्या एस-हुकावर किंवा बाइंडिंग वायरच्या चार वेढ्यांवर कप्पी टांगणे चूकच आहे. हुक वापरायचाच असेल तर त्याला स्प्रिंगची लॅच असलीच पाहिजे.

पायरी तिसरी : दोर आधी, कप्पी नंतर

पुष्कळ जण कप्पी घेतात आणि मग तिच्यात बसेल असा दोर शोधतात. क्रम उलटा हवा.

सामान चढवायला पॉलिप्रॉपिलीनचा निळा किंवा पिवळा दोर सर्रास वापरला जातो, कारण तो स्वस्त असतो आणि भिजला तरी जड होत नाही. उन्हाने मात्र तो लवकर ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे अडकलेल्या चाकावरून भरभर सरकला तर त्याचा पृष्ठभाग चकाकतो आणि कडक होतो. नायलॉन चांगला ताणला जातो, त्यामुळे धक्का पचवतो, पण भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते. पॉलिएस्टर पाण्याने फारसा कमजोर होत नाही आणि कमी ताणला जातो, म्हणून कप्पीवरच्या नेहमीच्या कामाला मला तोच बरा वाटतो. दोराला गाठ मारली की त्याची ताकद साधारण चतुर्थांश ते एक तृतीयांशाने घटते, हे हिशेबात आधीच धरायचे.

दोर ठरला की चाकाचा व्यास ठरतो. दोर वाकतो तेव्हा बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे चेपले जातात, आणि चाक जितके लहान तितका हा फरक मोठा. कापडी तंतूंच्या दोरासाठी चाकाचा व्यास दोराच्या व्यासाच्या किमान चौपट असावा असा रूढ दंडक आहे. रोजच्या कामासाठी सहा पट असेल तर दोर स्पष्टपणे जास्त टिकतो. म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराला किमान ४८ आणि शक्यतो ७२ मिलिमीटरचे चाक. हा व्यास खाचेच्या तळाशी मोजायचा, बाहेरच्या कडेला नाही. वायररोपचे, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचे, प्रकरण वेगळे आहे. तिला साधारण अठरा ते पंचवीस पट मोठे चाक लागते, त्यामुळे ८ मिलिमीटरच्या वायररोपला १६० मिलिमीटरच्या आसपासचे चाक पाहिले की आश्चर्य वाटू देऊ नका. पूर्वी मोटेचे चाक एवढे मोठे का करत असत याचे उत्तरही यात आहे: दिवसभर शेकडो वेळा वाकणारा जाड नाडा लहान चाकावर टिकला नसता.

खाच गोल तळाची असावी आणि दोरापेक्षा किंचित रुंद, साधारण पाच ते दहा टक्के. खाच अरुंद असेल तर दोर तिच्यात पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही बाजूंनी घासतो. फार रुंद किंवा सपाट असेल तर ताणाखाली तो चपटा होतो. दुकानात दोराचा तुकडा घेऊन जा, खाचेत ठेवा आणि पाहा: घेराचा साधारण तिसरा हिस्सा खाचेला टेकलेला दिसला पाहिजे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या पट्ट्याच्या पुल्या भंगारात स्वस्त मिळतात, त्या पट्ट्यासाठीच असतात, दोरासाठी नव्हेत.

आणखी एक नियम काटेकोर पाळावा. ज्या कप्पीतून एकदा वायररोप चालली, ती कापडी दोरासाठी पुन्हा वापरायची नाही. तारांचे पीळ चाकाच्या तळावर आपला ठसा उमटवतात, आणि त्या बारीक धारा नव्या दोराचे आवरण एका दिवसात पिंजून काढतात.

पायरी चौथी : कप्पी उघडून पाहा

कप्पीचे अवयव मोजके आहेत. मध्ये चाक, त्यातून जाणारी आस, आस आणि चाक यांच्यामध्ये बुश किंवा बेअरिंग, दोन्ही बाजूंना गालाच्या पट्ट्या आणि वर टांगायचा डोळा किंवा हुक. चाक फिरते म्हणून सगळ्यांचे लक्ष चाकाकडे जाते. भार मात्र आस आणि गालांमधून डोळ्याकडे जातो. म्हणून मी आधी आस पाहतो. तिच्या टोकाला स्प्लिट पिन किंवा नट व्यवस्थित आहे का, खिळा वाकवून बसवलेला आहे का, गालांची भोके लांबट झाली आहेत का? खिळा दिसला की पुढची तपासणी करायची गरज उरत नाही.

त्यानंतर गाल आणि चाक यांच्यातली फट. तिच्यात नख जाईल, पण दोराचा एक पीळही जाणार नाही, एवढीच ती असावी. काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्याच एका गच्चीच्या कामावर मीच आणलेल्या कप्पीकडे मी या नजरेने पाहिले नव्हते. वाऱ्याने गोण्या झुलल्या, दोर तिरका झाला, चाकावरून उतरला आणि गालाच्या फटीत जाऊन बसला. ना वर, ना खाली. दोन गोण्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीसमोर तासभर लटकत राहिल्या. आम्ही दुसऱ्या आधारावर चेन कप्पी लावून त्या सोडवल्या तेव्हा अडकलेल्या जागी दोराचे अर्धे तंतू तुटलेले निघाले. दोर खाचेत ज्या कोनात शिरतो तो चाकाच्या सपाटीपासून दीड-दोन अंशांहून जास्त भरकटू नये. म्हणून कप्पी अशी टांगावी की ती दोराच्या दिशेने स्वतः वळू शकेल. फिरता डोळा, म्हणजे स्विव्हल, असलेली कप्पी इथे आपले पैसे वसूल करून देते, आणि पिळाच्या दोराने गोण्या गरगर फिरू लागतात तेव्हाही तिचा उपयोग होतो.

गाल उघडणाऱ्या कप्प्यांना स्नॅच ब्लॉक म्हणतात. दोराच्या टोकापासून सुरुवात न करता मधल्याच भागात ती अडकवता येते, हा तिचा मोठा फायदा. पण तिचे कुलूप नीट बसले आहे हे दोर ताणण्याआधी हाताने खेचून पाहणे ही ज्याने कप्पी लावली त्याची जबाबदारी. दुसऱ्याने पाहिले असेल असे धरायचे नाही. मुंब्र्याच्या कड्यांवर सराव करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियमच्या, दोन्ही गाल फिरणाऱ्या हलक्या कप्प्या असतात. त्या उत्तम असतात, पण त्या ११-१२ मिलिमीटरच्या मऊ दोरासाठी बनवलेल्या असतात, सिमेंटच्या धुळीत दिवसभर फिरण्यासाठी नाही.

पायरी पाचवी : कोरलेले आकडे वाचा

चांगल्या कप्पीच्या गालावर क्षमता कोरलेली असते. ती टनांत किंवा किलोन्यूटनमध्ये असते. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोचा भार. "२ × ११ = २२" असे लिहिले असेल तर दोराच्या प्रत्येक पदराला ११ किलोन्यूटन, आणि डोळ्याला दोन्ही मिळून २२. आपण पहिल्या पायरीत केलेला दुपटीचा हिशेब बनवणाऱ्याने इथे करून दिलेला असतो, फक्त आकडा कशाचा आहे हे समजले पाहिजे. तो तुटण्याचा भार असेल तर त्याला सामानासाठी निदान पाचाने भागावे. २२ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २,२४० किलो. पाचाने भागल्यावर ४५० किलो हा सुरक्षित कार्यभार. आपले २४३ किलो त्यात बसतात. गालावर सुरक्षित कार्यभारच दिलेला असेल तर पुन्हा भागायचे कारण नाही.

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा ठाण्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत ओतीव लोखंडाच्या अशा कितीतरी कप्प्या मिळतात ज्यांच्यावर काहीच लिहिलेले नसते. दुकानदार "पाव टन आरामात घेईल" असे सांगतो. ज्या कप्पीवर क्षमता लिहिलेली नाही ती माझ्या हिशेबी शून्य किलोची. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित कार्यभार लिहिणे आणि सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा त्यांची पूर्ण तपासणी करून घेणे अशी शिस्त घालून दिली. सोसायटीच्या गच्चीवर कोणी निरीक्षक येणार नाही, म्हणून ती शिस्त आपणच उचलून घ्यावी.

पायरी सहावी : ओढ कमी करायची असेल तर

खालून १४३ किलो ओढणे दोघांना जड जाते. वजनालाच एक चल कप्पी लावली, दोराचे टोक वर बांधले आणि दुसरा पदर वरच्या स्थिर कप्पीतून खाली आणला, तर घर्षण सोडून ओढ निम्मी, ५० किलो होते आणि वरच्या दोन आधारांवर मिळून २०० ऐवजी १५० किलो येतात. बदल्यात १५ मीटर उंचीसाठी ३० मीटर दोर ओढावा लागतो आणि एकूण दोर ४५ मीटरहून अधिक लागतो. माझ्या मते गच्चीच्या कामाला हा सौदा फायद्याचा आहे.

तिहेरी फायद्याची, म्हणजे ओढीच्या तिप्पट वजन उचलणारी, दोन कप्प्यांची मांडणी करताना घर्षण किती खाऊन टाकते ते आकड्यांतच पाहावे. सगळ्या कप्प्या ९० टक्क्यांच्या असतील तर तिप्पट फायद्याऐवजी २.७१ पट मिळतो. ७० टक्क्यांच्या असतील तर २.१९ पट, आणि कप्प्यांऐवजी नुसते कॅराबिनर (गिर्यारोहकांच्या उघडझाप होणाऱ्या कड्या) वापरले, जे ५० टक्क्यांच्या आसपास असतात, तर १.७५ पट. तुमच्याकडे एकच चांगली कप्पी असेल तर ती ओढणाऱ्या हाताच्या सगळ्यात जवळ लावा. एक ९० टक्क्यांची आणि एक ५० टक्क्यांची धरली तर चांगली कप्पी हाताजवळ असताना २.३५ पट आणि उलट लावली तर १.९५ पट फायदा मिळतो, कारण हाताजवळच्या कप्पीतले नुकसान पुढच्या प्रत्येक पदरात उतरत जाते.

अशी मांडणी ताकद वाढवते तशी चूकही वाढवते. गोणी एखाद्या छज्जाखाली अडकली आणि खालच्या चौघांना ते कळले नाही, तर ते जोर लावतच राहतात. ओढ अचानक जड झाली की थांबायचे आणि वर पाहायचे, हे आधीच ठरवून घ्या. दोर हातातून सुटला तरी वजन जागेवर राहील अशी पकड, प्रुसिक गाठीची (ताण आला की दोराला आवळून धरणारी गाठ) किंवा रॅचेटची (एकाच दिशेने फिरू देणारी अडक), मांडणीत असायलाच हवी.

पायरी सातवी : उतरवताना

उतरवण्याचे काम चढवण्यापेक्षा सोपे वाटते आणि म्हणून जास्त बिघडते. हातातला दोर सरकू लागला की तळवे भाजतात आणि माणूस तो सोडून देतो. चेंदणी कोळीवाड्यातले कोळी होडी बांधताना खुंटाला दोराचे वेढे देतात, तेच इथे करायचे. घर्षण मध्यम असले तरी एक पूर्ण वेढा ताण सुमारे सहाव्या हिश्शावर आणतो आणि दोन वेढे चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास. शंभर किलो एका हाताने सोडता येतात. वरची कप्पी मोकळी फिरणारी असावी आणि ब्रेक खाली, पक्क्या खांबावर असावा.

धक्का हा या कामातला खरा शत्रू. ताण नसलेल्या दोराला टांगलेले वजन उंचीवरून न पडता नुसते एकदम सोडले तरी ताण क्षणभर दुप्पट होतो. १०० किलो वजनाने दोर स्थिर असताना १० सेंटीमीटर ताणला जात असेल आणि ते वजन १ मीटर पडून अडले, तर दोरात सुमारे ५६० किलोचा ताण येतो आणि समांतर पदरांच्या कप्पीवर ११०० किलोच्या पुढे. आपली ४५० किलोची कप्पी कदाचित तुटणार नाही, पण ती कामातून बाद झाली. दोर जितका कमी ताणला जाणारा तितका हा आकडा वाढतो. वायररोपच्या बाबतीत तर विचारूच नका.

पावसाळ्याच्या तोंडावर गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाची फांदी उतरवताना हाच धक्का बसतो, कारण कापलेली फांदी आधी पडते आणि मग दोरावर येते. कप्पी कापायच्या जागेच्या वर, दुसऱ्या निरोगी फांदीला लावता आली तर पडणे जवळपास टळते. ते शक्य नसेल तर तुकडे लहान करावेत आणि खालच्या माणसाने दोर एकदम न अडवता वेढ्यांवरून सरकू देत हळूहळू थांबवावा. फांदी तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. १९७५ पासून राज्याचा तसा कायदा आहे.

पायरी आठवी : प्रत्यक्ष काम

खालची जागा दोरी लावून बंद करा आणि एक माणूस फक्त ये-जा अडवायला ठेवा. वजनाच्या खाली कोणी नसावे हे सगळ्यांना पटते, पण दोर जिथे वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणी उभे राहू नये, हे सांगावे लागते. वळणावरची कप्पी आधारातून सुटली तर ताणलेला दोर तिला गलोलीतल्या दगडासारखी कोनाच्या आत फेकतो. बाहेरच्या बाजूला उभे राहणारा माणूस वाचतो.

एकच माणूस हुकूम देईल, आणि शब्द तीनच: "ओढा", "थांबा", "सोडा". "थांबा" मात्र कोणीही म्हणू शकतो. घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या जागी आवाज वर पोचत नाही, तिथे हाताच्या खुणा ठरवून घ्या. हातमोजे घालावेत, पण सैल नकोत. ओढणी, मफलर, मोकळे केस कप्पीजवळ नकोत, आणि फिरत्या कप्पीतला दोर हाताने सरळ करायला जाऊ नये, आधी ताण काढावा. गोण्यांना खालून एक सैल दोर बांधून ठेवला की त्या भिंतीवर आपटत नाहीत.

पहिली खेप चाचणीची. वजन जमिनीपासून एक फूट उचलून पाच मिनिटे तसेच ठेवा. या वेळात गच्चीवरच्या माणसाने पाइपाचे आतले टोक, स्लिंग, शॅकलची पिन आणि कप्पीचे गाल नीट पाहावेत, आणि पाइपाचे टोक एक बोटभर जरी उचललेले दिसले तरी वजन खाली घ्यावे. पाऊस सुरू झाला किंवा वाऱ्याने गोण्या झुलू लागल्या तर काम थांबवावे.

पायरी नववी : काम संपल्यावर

सिमेंटची धूळ आणि खाडीकडची खारी हवा मिळून बेअरिंगचा निकाल लावतात. कप्पी गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि बनवणाऱ्याने सांगितले असेल तेवढेच वंगण द्या. खाचेत तेल जाता कामा नये. ॲल्युमिनियमचे गाल आणि पोलादी आस यांच्या सांध्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती गंजाची खूण आहे. चाक हाताने फिरवून ऐका. खरखर आली, चाक डुगडुगले, खाचेच्या कडेला बोट फिरवताना धार लागली, गाल वाकलेला किंवा तडकलेला दिसला, आसेत खाच पडली किंवा कप्पीने मोठा धक्का खाल्ला आहे असे कळले, तर ती बाद करावी.

बाद केलेली कप्पी भंगारात तशीच देऊ नका. चाक हॅकसॉने कापून टाका. मी बाद करून दिलेली एक कप्पी दोन महिन्यांनी रंग मारून शेजारच्याच इमारतीवर टांगलेली मला दिसली होती, आणि ती ओळखली ती मी खडूने ओढलेल्या फुलीवरून, जी त्या रंगाखालून अजून दिसत होती.

उरलेल्या कप्प्यांची एक वही ठेवा: कधी घेतली, क्षमता किती, कोणत्या दोरासाठी, शेवटची तपासणी कोणी आणि कोणत्या तारखेला केली. कप्पी आणि तिचा दोर एकाच पिशवीत ठेवावे, म्हणजे पुढच्या मे महिन्यात कोणी वायररोपची कप्पी दोरासाठी उचलून नेणार नाही.